स्पार्क प्लग : पिकअप ट्रकसाठी निवड आणि गॅप

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व इंधनाचे दाबलेले मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवणारा, सहज बदलता येणारा भाग म्हणजे स्पार्क प्लग. मधला इलेक्ट्रोड आणि त्यासमोर वाकवलेला बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातील फटीला गॅप म्हणतात. ती मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. कारखान्यांत आणि गॅरेजमध्ये या हजाराव्या भागाला ‘थाउ’ म्हणतात.

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की बहुधा डिझेलची गाडी डोळ्यांपुढे येते, आणि डिझेल एंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. अमेरिकेत मात्र रोज कामावर नेण्याचे आणि सुटीच्या दिवशी ट्रेलर ओढण्याचे पिकअप प्रामुख्याने पेट्रोलचे आहेत, तेही सहा किंवा आठ सिलिंडरचे. रॅम ट्रकमधील ५.७ लिटरच्या हेमी एंजिनात तर दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण सोळा प्लग असतात. प्लग निवडण्याचा प्रश्न तिथे घरोघरचा आहे.

गॅप किती ठेवायची, हा दोन गरजांमधला सौदा असतो. फट मोठी असेल तर ठिणगी लांब पडते, अधिक मिश्रणाला भिडते आणि एंजिन मंद गतीवरही स्थिर चालते. पण ती फट ओलांडायला विजेचा दाब जास्त लागतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले की, वायूतून ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. ट्रक चढणीवर भार ओढत असतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो. रिकाम्या गाडीत बिनतक्रार पडणारी ठिणगी नेमकी तेव्हाच चुकते आणि गाडी ‘मिसिंग’ करू लागते. टर्बो एंजिनात हा दाब आणखी जास्त असल्याने तिथे गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बरीच कमी ठेवतात.

शेव्हरले सिल्व्हरॅडोच्या ५.३ लिटर व्ही-८ एंजिनाचे उदाहरण बोलके आहे. सुरुवातीला त्याची गॅप ६० थाउ (१.५२ मिमी) सांगितली जाई, पुढे जनरल मोटर्सने ती ४० थाउ (१.०२ मिमी) केली. वापराने इलेक्ट्रोड झिजतो आणि फट आपोआप वाढत जाते. आधीच रुंद असलेली फट लाखभर किलोमीटरनंतर ठिणगीसाठी विद्युतदाब पुरवणाऱ्या कॉइलवर किती ताण टाकत असेल, हे यावरून कळते. म्हणून जुन्या पुस्तिकेतील आकड्यावर न थांबता कंपनीने तो नंतर बदलला आहे का, हे पाहणे गरजेचे ठरते.

प्लगची दुसरी ओळख म्हणजे हीट रेंज, अर्थात टोकाची उष्णता सिलिंडर हेडकडे (सिलिंडरवरच्या, प्लग बसतो त्या धातूच्या झाकणाकडे) किती लवकर जाते याचे माप. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळते. ८०० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. येथे आकडे फसवतात. एनजीके आणि डेन्सो या प्लग कंपन्यांच्या क्रमांकात मोठा आकडा म्हणजे थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्यात मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. रोजच्या ट्रकसाठी कंपनीने दिलेली रेंज सोडू नये. ‘थंड प्लगने ताकद वाढते’ हा सल्ला शर्यतीच्या एंजिनांचा आहे. जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तोच प्लग काजळीने भरतो.

धातूंबाबतही गैरसमज आहेत. ज्याला ‘कॉपर प्लग’ म्हणतात त्याचा गाभा तांब्याचा असला तरी टोक निकेल मिश्रधातूचे असते आणि ते लवकर झिजते. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळते, इरिडियम २,४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक करता येते, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी विद्युतदाबात उडते. असे प्लग सुमारे १,६०,००० किलोमीटर टिकतात म्हणून सांगितले जातात. जुन्या फोर्ड रेंजर व्ही-६ सारख्या, एकाच कॉइलने दोन सिलिंडरांना ठिणगी देणाऱ्या ट्रकमध्ये निम्म्या प्लगांतून वीज उलट्या दिशेने जाते, आणि त्यांचा बाजूचा इलेक्ट्रोड झिजतो. तिथे दोन्ही इलेक्ट्रोडांवर प्लॅटिनम असलेला प्लगच घ्यावा.

नवा प्लग ‘गॅप लावलेला’ म्हणून आला तरी मोजूनच बसवावा. तारेचा गेज वापरावा. नाण्यासारखा गोल, उतरत्या कडेचा गेज बारीक टोकावर रेटला की ते तुटते. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड, तोही आधार धरून. मधल्याला कधीही तरफ लावू नये.

बसवताना एंजिन पूर्ण थंड असावे, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि गरमपणी आटे निघून येतात. आधी हवेने खाच साफ करावी, प्लग हाताने फिरवत न्यावा आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. वरच्या ५.३ लिटर एंजिनात हा टॉर्क फक्त १५ न्यूटन-मीटर आहे, मनगटाच्या अंदाजाने सहज ओलांडला जाईल इतका कमी. आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणूनचा लेप) लावल्यास तोच पाना प्रत्यक्षात जास्त आवळतो, म्हणून मुलामा दिलेल्या आट्यांवर ते टाळावे.

फोर्ड एफ-१५० च्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या ट्रायटन एंजिनाने (२००४ पासूनची काही वर्षे) मालकांना चांगलेच रडवले. त्याचा प्लग दोन भागांचा होता; लांब खालचा भाग कार्बनने हेडमध्ये चिकटे आणि काढताना तुटून आत राही. प्लग जरासा सैल करून कार्बन विरघळवणारा द्रव ओतणे, थांबणे, मग मागेपुढे हळू फिरवणे, आणि तरीही तुटलाच तर तुकडा ओढून काढणाऱ्या खास अवजाराने तो काढणे हा त्यावरचा उपाय. बदली म्हणून एकसंध प्लग बाजारात आले.

महाराष्ट्रात हा विषय मारुती सुपर कॅरीसारख्या सीएनजीच्या छोट्या मालवाहू गाड्यांत येतो. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त विद्युतदाब लागतो, त्यामुळे झिजून रुंदावलेली गॅप तिथे आधी जाणवते: पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी गॅसवर झटके देते.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा प्लग फार थंड, तेलकट ओल म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले, पांढरे व फोड आलेले टोक म्हणजे अतिउष्णता. सातांचा रंग एकसारखा आणि आठवा वेगळा निघाला, तर दोष प्लगच्या जातीत नसून त्या एका सिलिंडरमध्ये शोधायचा असतो.