नुसते ओम बघून हेडफोन अँप घेऊ नका

हेडफोन घेताना पहिला प्रश्न असतो ओम किती (म्हणजे त्याचा इम्पिडन्स, करंटला होणारा अडथळा), आणि २५० ओम ऐकलं की मोठा अँप, म्हणजे अँप्लिफायर, लागणार, ५० ओम असेल तर फोनवर आरामात वाजणार असं सगळे धरून चालतात. मीपण बरीच वर्षं तेच धरून होतो. अर्धंच खरं आहे ते.

बायरडायनॅमिकचा २५० ओमवाला डीटी ७७० प्रो घ्या आणि हायफायमॅनचा ५० ओमचा एचई-६ घ्या. आता सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे १ मिलिवॅट दिला की आवाज किती येतो ते. डीटीची ९६ डेसिबल, एचई-६ ची फक्त ८३.५. आणि डेसिबलचं गणित असं की दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते, त्यामुळे तबल्याच्या थापेला क्षणभर ११० डेसिबलपर्यंत जायला जागा ठेवायची म्हटलं (सलग एवढ्या आवाजात ऐकू नका, कान जातील) तर डीटीला २५ मिलिवॅट पुरतात आणि एचई-६ ला लागतात जवळपास ४५०! व्होल्टेज २.५ विरुद्ध ४.७, करंट १० मिलिअँपिअर विरुद्ध ९५. पाण्यासारखंच आहे, वरच्या मजल्यावर चढवायला प्रेशर लागतं आणि बादली पटकन भरायला धार जाड लागते, एचई-६ ला दोन्ही हवं.

समजा फोनला लावायच्या छोट्या हेडफोन डोंगलमधून १ व्होल्ट मिळतोय, तर डीटी १०२ डेसिबलपर्यंत जातो, हल्लीच्या गाण्यांना ते भरपूर झालं, पण शास्त्रीय मैफलीचं रेकॉर्डिंग लावा, आलाप इतका बारीक असतो की व्हॉल्यूम फुल्ल करूनही थोडं कमीच वाटतं.

अजून एक गोष्ट, आणि ही दुकानात कोणी सांगत नाही: अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आतला अडथळा. सेनहायझरचा एचडी ६०० कागदावर ३०० ओमचा, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या वर जातो. अँपचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओम असला तर तिथे हेडफोनच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं आणि बेस साधारण १ डेसिबलने फुगतो. काहींना तो आवडतो, मला नाही. प्लेनरचा (एचई-६ सारखा, पातळ सपाट पडद्यावर चालणारा हेडफोन) इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो म्हणून त्याचा टोन बदलत नाही. सगळ्यात जास्त बिघडतात ते बॅलन्स्ड आर्मेचरवाले (आत इवलीशी हलणारी पत्ती असलेले) इअरफोन, त्यांच्यासाठी १ ओमच्या खालचाच अँप बघा, आणि गेन (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते) लो ठेवा, नाहीतर गाणं सुरू व्हायच्या आधीच मागे सूऽऽ ऐकू येतं.