एन्झाइमशिवाय चालणारी शुगर पट्टी : ती आमच्याकडे का नाही

"एन्झाइम नसलेल्या पट्ट्या आल्यात म्हणे, पावसात बिघडत नाहीत. तुमच्याकडे आहेत?" फोंड्यातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न वरचेवर येतो. काउंटरवरच्या घाईत उत्तर अर्धवट राहते, म्हणून हा कागद.

आज घरोघरी रक्तातली साखर तपासायला वापरतात ती पट्टी एन्झाइमवर, म्हणजे ठरावीक रासायनिक क्रिया घडवणाऱ्या जैविक पदार्थावर चालते. रक्ताचा थेंब लागला की ग्लुकोज ऑक्सिडेझसारखे एन्झाइम ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेते आणि मीटर तो विद्युतप्रवाह मोजतो. एन्झाइमच्या इलेक्ट्रोडची मूळ कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. रक्तातल्या गर्दीतून ग्लुकोज नेमके हेरणे हा एन्झाइमचा मोठा गुण. पण ते प्रथिन आहे, उष्ण आणि दमट हवेत ते निकामी होत जाते. जूनपासून आपल्याकडे पापडसुद्धा डब्याबाहेर टिकत नाही, तिथे झाकण उघडे राहिलेल्या पट्टीचे काय होणार!

नव्या संशोधनात एन्झाइमचे काम धातूवर सोपवतात: निकेल, तांबे, सोने, प्लॅटिनम. निकेलवर तयार झालेला ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतो, आणि विजेच्या दाबाने पुन्हा पहिल्यासारखा होतो. हे सगळे घडते पृष्ठभागावर, म्हणून कण नॅनो आकाराचे हवेत. एक सेंटिमीटरच्या घन तुकड्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटरचे घन केले तर तो ६०० चौरस मीटर होतो. धातू तेवढाच! आम्हाला या कामाबद्दल मनापासून आशा आहे, कारण दमट हवेचा जाच धातूला एन्झाइमइतका होत नाही.

अडचण रक्तातच आहे. निकेल आणि तांबे चांगले चालतात ते पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) १३ च्या आसपासच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात. रक्ताचा पीएच ७.४. प्लॅटिनम आणि सोने तिथे काम करतात, पण रक्तातले क्लोराइड त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. शिवाय क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल हेही धातूला इलेक्ट्रॉन देतात आणि आकडा फुगू शकतो. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिनचा डोस ठरवला तर? म्हणून आम्ही अशी पट्टी ठेवत नाही. कोणी विकायला आलाच तर आयएसओ १५१९७, म्हणजे शुगर मीटरच्या अचूकतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, चाचणी अहवाल मागा. त्या मानकाप्रमाणे शुगर १०० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तात) खाली असेल तर लॅबच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅम आणि त्यावर असेल तर १५ टक्के, एवढ्याच फरकात किमान ९५ टक्के आकडे बसावे लागतात.

तोवर आहे ती पट्टी जपा. ती मूळ डबीतच ठेवा, कारण ओल शोषणारा पदार्थ त्या डबीतच असतो. पट्टी काढली की झाकण लगेच लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटते. आणि मानकुराद आंबा सोललेल्या हाताने तपासू नका, बोटावरचा रस थेंबात मिसळून शुगर खोटीच वाढलेली दिसते. साबणाने हात धुवून कोरडे करा.

तरीही आकडा पटत नसेल तर औषध स्वतःहून बदलू नका, लॅबमध्ये तपासून घ्या. मीटर आणि उघडलेली डबी आमच्याकडे आणा, तुमच्यासमोर कंट्रोल सोल्यूशन (ग्लुकोजचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले द्रावण) टाकून पाहू.