घरगुती वाय-फाय राऊटरची निवड : ग्रामीण विदर्भ

घरात आलेले इंटरनेट तारेविना मोबाइल, टीव्ही, लॅपटॉपपर्यंत पोचवणारे उपकरण म्हणजे वाय-फाय राऊटर. बोलण्यात त्याला 'वायफायचा डबा' किंवा नुसते 'मोडेम' म्हणतात. काटेकोर पाहिले तर फायबरच्या तंतूतून येणारा प्रकाश विद्युत संकेतात बदलणारे यंत्र म्हणजे ओएनटी, आणि तो संकेत घरभर वाटणारा तो राऊटर. हल्ली दोन्ही कामे बहुधा एकाच डब्यात होतात. त्यामुळे निवडीचा प्रश्न सुरुवातीला उठतच नाही, जोडणीवाला जे लावून जातो तेच चालते. तो उठतो मागच्या खोलीत "नेट गोल गोल फिरून राहिलं" अशी ओरड सुरू झाल्यावर. मग चार अँटेनांचा नवा राऊटर येतो, त्याच खिळ्याला टांगला जातो आणि ओरड कायम राहते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट नावाने ओळखली जाते. राज्यात तिच्या जोडीला महानेट आहे. तार पंचायतीपर्यंत येण्याचा प्रश्न तिथला, हा लेख उंबरठ्याच्या आतला आहे.

घराची ठेवण

विदर्भातल्या खेड्यात घर सहसा एका दमात बांधलेले नसते. समोर घरकुलाची किंवा स्लॅबची खोली, मध्ये जुने मातीच्या भिंतींचे माजघर आणि वर कवेलू, मागे टिनाची सपरी, मग आंगण आणि गुरांचा कोठा. तार रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून डबा समोरच्या खोलीत टीव्हीच्या वर बसतो. लहरी साऱ्या दिशांना पसरत असल्याने त्यांतला मोठा वाटा रस्त्याला जातो. रात्री पारावर बसणाऱ्या पोरांना पासवर्ड ठाऊक असेल तर ते अर्थात खूश असतात.

लाकडी दार किंवा कवेलू लहरींना फारसे अडवत नाहीत. दीड-दोन फुटांची मातीची भिंत बरेच शोषते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी. लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून वाईट. धातूचा पत्रा मात्र लहरी सरळ परतवतो : टिनाची भिंत, धान्याची कोठी, लोखंडी आलमारी, कूलर. कूलरची गंमत अशी की पत्रा, टाकीतले पाणी आणि ओल्या जाळ्या असे सारे अडथळे एकाच खोक्यात येतात. मार्चपर्यंत बरे चाललेले नेट एप्रिलमध्ये एकाच खोलीत मंदावले, तर राऊटर आणि ती खोली यांच्यामध्ये कूलर बसला आहे का, ते आधी पाहावे.

पट्टे

राऊटर प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांवर चालतात. पहिल्याची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, दुसऱ्याची ६ सेंटिमीटरच्या आसपास. २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतो, ५ जवळ वेगवान असतो पण एक-दोन जाड भिंतींतच थकतो. शहरातला जाणकार २.४ सोडून द्यायला सांगतो. तिथे एका इमारतीत वीस-वीस राऊटर त्याच पट्ट्यावर गर्दी करतात, म्हणून ते खरेही असते. पण शेजारचे घर आंगणापलीकडे असलेल्या खेड्यात हा पट्टा बहुधा मोकळाच मिळतो, आणि मातीच्या घरात तोच उपयोगी. त्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. शेजाऱ्याची १ असेल तर आपली ६ किंवा ११ ठेवावी. दोन्ही पट्टे असलेला राऊटर घ्यावा आणि त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे मागच्या खोलीतला मोबाइल ५ ला उगाच चिकटून बसत नाही.

खोक्यावरचे आकडे

वाय-फायच्या पिढ्यांना ४, ५, ६ ही नावे २०१८ पासून रूढ झाली. त्यांच्यामागची मानके अनुक्रमे २००९, २०१३ आणि २०२१ मधली आहेत. खोक्यावर 'एसी १२००' (एसी म्हणजे वाय-फाय ५) लिहिलेले असते, तेव्हा तो २.४ वरचा ३०० आणि ५ वरचा ८६७ मेगाबिट अशी बेरीज करून गोल केलेला आकडा असतो. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणजे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. शिवाय अशा अनेक स्वस्त राऊटरची तारेची भोके १०० मेगाबिटचीच असतात. पन्नास मेगाबिटची जोडणी असलेल्या घरात वाय-फाय ५ पुरेसे असते. जोडणी शंभरच्या वर असेल तर मात्र गिगाबिट भोके आहेत का, ते विचारावे. वाय-फाय ६ चा फायदा एकाच वेळी बरीच उपकरणे चालतात तिथे जाणवतो.

अँटेनांबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, आहे ती वळवते. उभ्या अँटेनाभोवती लहरींचा आकार उडदाच्या वड्यासारखा असतो, मधल्या भोकात अँटेना. जास्त 'डीबीआय'ची (लहरी किती एकवटल्या याचे माप) अँटेना हा वडा दाबून चपटा आणि रुंद करते : आडवी पोच वाढते, माडीवरची घटते. शक्तीला सरकारी मर्यादाही आहे. २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला तेव्हा प्रेषकाला १ वॅट आणि अँटेनासह ४ वॅट ही हद्द घालून दिली गेली. आणि राऊटर कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाइलला उत्तर द्यावे लागते, त्याचा आवाज लहानच. कोठ्यापाशी सिग्नलच्या दांड्या दिसतात पण काहीच उघडत नाही, त्यामागे बरेचदा हेच असते.

दुसरा डबा

म्हणून लांबलचक घरात एका दांडग्या राऊटरपेक्षा दोन साधे बरे, मध्ये तार टाकून. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, एवढ्यात समोरची खोली ते कोठा सहज होतो. केबल निखळ तांब्याची घ्यावी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांब अंतराला दगा देते. जुना राऊटर फेकण्याऐवजी दुसरा डबा म्हणून वापरता येतो : त्याचा पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवायचा, त्यातले डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायचे आणि तार त्याच्या बाहेरचे नेट घेणाऱ्या 'वॅन' भोकात न लावता 'लॅन' भोकात लावायची.

तार टाकणे शक्यच नसेल तर रिपीटर. एकाच पट्ट्यावर ऐकून पुन्हा बोलावे लागत असल्याने त्याच्यापुढे वेग निम्म्यावर येतो. तो जिथे नेट संपते तिथे लावतात, ही नेहमीची चूक. जिथे अजून चांगले मिळते अशा अर्ध्या वाटेवर तो हवा. जागा ठरवायला मोबाइलमधले सिग्नल मोजणारे ॲप पुरते : उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप, शून्याच्या जितके जवळ तितके बरे) किंवा त्याहून बरे असेल तर व्हिडिओ चालतो, उणे ८० च्या खाली आशा नको. एकमेकांशी बोलून एकच जाळे करणाऱ्या डब्यांच्या 'मेश' संचालाही हाच नियम.

ऊन आणि वीज

घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश असे छापलेले असते. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याची हवाच ४५ च्या वर जाते, टिनाखालचे तर विचारू नये. दुपारी दोनला राऊटर आपोआप बंद-चालू होत असेल तर तो पत्र्यापासून दूर, खाली, हवा खेळेल अशा जागी आणावा. कापूस घरात भरला की डबा गंजीमागे गाडला जातो, ते तर सिग्नललाही वाईट आणि आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे.

लोडशेडिंगसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिले असेल तर यूपीएसही १२ चाच हवा, ९ चा नाही. दहा वॅटच्या डब्याला तीस वॅट-तासांची बॅटरी तीन तासांहून थोडी कमी पुरते. ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही जोडावे, नाहीतर वाय-फाय दिसते आणि नेट नसते. घर आणि जोडणी देणाऱ्याचे केंद्र यांच्यामध्ये प्रकाश वाटून देणारे साधे स्प्लिटर असतील तर त्यांना वीज लागत नाही. मधल्या खांबावर विजेवर चालणारा नेटवर्क स्विच असेल तर मात्र घरच्या यूपीएसचा उपयोग नाही. जोडणी घेतानाच हे विचारून घ्यावे.

फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिला आधार देणारी पोलादी तार वाहते, तशीच कोठ्याकडे गेलेली लॅन केबलही. मृगाचे ढग गडगडले की ॲडॉप्टर आणि ती केबल काढून ठेवलेली बरी.

जिथे फायबर नाही

मेळघाटात, गडचिरोलीच्या आतल्या भागात सिमकार्डाच्या राऊटरवर भागवावे लागते. त्याला टॉवर दिसणारी जागा हवी असते आणि घराला मधली. दोन्ही क्वचितच एक असतात, म्हणून बाहेर अँटेना जोडता येईल असा राऊटर घ्यावा.

घरून वावरातल्या विहिरीच्या खोलीपर्यंत नेट न्यायला ५ गिगाहर्ट्‌झच्या दोन दिशादर्शी अँटेना समोरासमोर लावतात. मधली वाट मोकळी हवी, कारण पानांतले पाणी लहरी शोषते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची झाडे बारा महिने उभी असल्याने अडचण आधीच दिसते. तुरीच्या वावरात उन्हाळ्यात सारे झकास चालते आणि दिवाळीच्या सुमारास तूर डोक्याच्या वर गेली की जोडणी तुटू लागते. खांबाची उंची तुरीचा फुलोरा डोळ्यांसमोर ठेवून ठरवतात.