मोन्द्रियानची दोन ‘न्यू यॉर्क सिटी’: एक चिकटपट्ट्यांचं, एक तैलरंगातलं

२०२२ मध्ये एक बातमी जगभर गाजली: डच अमूर्त चित्रकार पीट मोन्द्रियानचं एक चित्र गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षं उलटं टांगलेलं आहे. ते चित्र म्हणजे ‘न्यू यॉर्क सिटी १’. १९४१ चं, अपूर्ण, जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असलेलं. याच्याशी हमखास गल्लत होते ती पॅरिसच्या पोंपिदू सेंटरच्या संग्रहातल्या ‘न्यू यॉर्क सिटी’ची. ते १९४२ चं आणि पूर्ण झालेलं. छोट्या फोटोत दोन्हींमध्ये पांढऱ्यावर आडव्या-उभ्या रंगीत रेघाच दिसतात. पण ड्युसेलडॉर्फच्या रेघा चिकटवलेल्या आहेत आणि पॅरिसच्या रंगवलेल्या. फरक एवढाच, पण त्यातच सगळी गंमत आहे.

युद्धामुळे लंडन सोडून मोन्द्रियान १९४० मध्ये न्यू यॉर्कला आला, तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. तिथे त्याच्या हाती रंगीत चिकटपट्ट्या आल्या. रंगवलेली रेघ बोटभर सरकवायची तर जुनी खरवडा किंवा झाका, नवी रंगवा, वाळू द्या. पट्टी मात्र लावायची, चार पावलं मागे जाऊन बघायची, नाही पटली तर सोलून दुसरीकडे लावायची. ‘न्यू यॉर्क सिटी १’मध्ये लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या पट्ट्या आहेत. कुठली रेघ कुठे असावी याचा विचार चालू असतानाच ते चित्र थांबलंय. म्हणून त्याला कच्चा खर्डा म्हणणं मला पटत नाही. चित्रकाराचा निर्णय होत असताना इतक्या जवळून बघायला क्वचितच मिळतो.

पॅरिसच्या चित्रात काळी रेघ उरलेलीच नाही. वर्षानुवर्षं जिच्यावर त्याची चित्रं उभी होती, तीच त्याने काढून टाकली. आता दोन रेघा जिथे छेदतात तिथे नीट बघा. पट्ट्यांमध्ये नंतर लावलेली आपोआप वर येते. तैलरंगात मात्र कोणती रेघ अखंड जाणार आणि कोणती तुटणार, हे प्रत्येक छेदावर वेगळं ठरवावं लागतं. इथे पिवळी लालवरून जाते, तर दुसरीकडे लाल पिवळीवरून. चटईच्या विणीसारखं ते एकमेकांत गुंततं आणि ‘पुढची जाळी ही, मागची ती’ असं डोळ्याला ठरवताच येत नाही.

आता उलटेपणाबद्दल. पॅरिसच्या चित्रात रेघांची दाटी वरच्या कडेला आहे, ड्युसेलडॉर्फच्या टांगलेल्या चित्रात खाली. मोन्द्रियान गेल्यावर काही दिवसांतच काढलेल्या त्याच्या स्टुडिओच्या फोटोत तेच चित्र इझलवर नेमकं दुसऱ्या बाजूने उभं दिसतं. शिवाय काही पिवळ्या पट्ट्या आता वर असलेल्या कडेच्या काही मिलिमीटर अलीकडे संपतात. वरून सुरुवात करून खाली येणाऱ्या हाताच्या कामाशी हे जुळतं, म्हणजे ती कड खालची असावी. तरीही चित्र फिरवलं नाही, कारण जुन्या पट्ट्या सैल झाल्यात आणि फिरवलं तर त्या सुटण्याची भीती आहे.

या बातमीवर ‘अमूर्त चित्राला वर काय नि खाली काय’ असं बरेच जण म्हणाले. उलट, वर-खाली होतं म्हणूनच तर चूक सापडली!

१ फेब्रुवारी १९४४ ला मोन्द्रियान वारला, तेव्हा ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ हे त्याचं चित्र अपुरंच राहिलं होतं. ते आता हेगला आहे, आणि त्या एकाच कॅनव्हासवर तैलरंगही आहे, रंगीत पट्ट्या आणि कागदाचे तुकडेही.