'अँड'च्या आधी स्वल्पविराम चालतो
"इंग्रजीत 'अँड'च्या आधी स्वल्पविराम कधीच द्यायचा नाही," हे शाळेपासून आपल्या कानावर पडतं. असा नियमच नाही. 'अँड'ने जोडलेल्या दोन्ही वाक्यांना आपापला कर्ता असेल, तर तिथे स्वल्पविराम देणंच रूढ आहे: 'द रेन स्टॉप्ड, अँड द चिल्ड्रेन रॅन आउट.' मुलांच्या वहीतला असा स्वल्पविराम लाल शाईने खोडू नका हो, तो बरोबर आहे!

यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधीचा स्वल्पविराम मात्र ऐच्छिक. तरी त्याने अर्थ फिरतो. अमेरिकेत मेन राज्याच्या ओव्हरटाइम कायद्यातल्या एका यादीत 'ऑर'च्या आधी तो नव्हता. अर्थ संदिग्ध राहिला, म्हणून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ओव्हरटाइम मागणाऱ्या दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी त्यांच्या डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली.