कोकणातील तरुणांच्या संगीत नाटकमंडळ्या : पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन वयाची मुले-मुली एकत्र येऊन ‘सौभद्र’ किंवा ‘मत्स्यगंधा’ बसवतात, तेव्हा आजोबांच्या काळातला नाट्यप्रकार नातवंडांनी हाती घेतला, असे कौतुकाने म्हटले जाते. हे कौतुक अर्धेच खरे आहे, कारण संगीत नाटक ज्या मंडळ्यांनी वाढवले त्यांतील काहींचे चालकच विशीच्या आतले होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 मध्ये पुण्यात आणि ‘सौभद्र’ 1882 मध्ये रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या मंडळ्यांना गोड गळ्याच्या मुलांची सतत गरज पडू लागली. ही मुले मंडळीच्या बिऱ्हाडातच राहत, पहाटे रियाज करीत, रात्री स्त्रीभूमिका करीत आणि आवाज फुटला की त्यांच्या भवितव्याचा प्रश्न उभा राही. लहानपणीच रंगभूमीवर आलेल्या केशवराव भोसले यांनी 1908 मध्ये ‘ललितकलादर्श’ स्थापन केली, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांचे वय 1918 मध्ये ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी राहताना अठराही पूर्ण नव्हते.

कोकणाकडे मात्र याहून जुना स्वतःचा वारसा होता. दक्षिण कोकणात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्यांचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. आधी गणपती, सरस्वती आणि संकासुर यांचा ‘आड दशावतार’ होतो. मग लिखित संहितेवाचून, केवळ कथानक ठरवून, पहाटेपर्यंत आख्यान रंगते. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्याच साथीवर नट स्वतः गातो आणि संवादही ऐनवेळी रचतो. नाट्यसंगीत लोकप्रिय झाल्यावर त्याच्या चाली दशावतारात शिरल्या आणि राजा-राक्षसांच्या तोंडी रागदारीची पदे आली. संगीत नाटकाचे थिएटर ज्या गावाने कधी पाहिले नाही, तिथल्या पोरांच्याही कानांवर अशा रीतीने ते संगीत पडले. उत्तरेकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, हेच काम काही अंशी मृदंगाच्या तालावरच्या नमन-खेळे या लोकनाट्याने केले.

रत्नागिरी शहराचा संबंध आणखी एका वाटेने आला. 1924 ते 1937 या काळात तेथे स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी नाटके लिहिली आणि त्यांपैकी ‘संन्यस्त खड्ग’ 1931 मध्ये ‘बळवंत’नेच रंगभूमीवर आणले. पुढे बोलपटांनी मंडळ्यांचे कंबरडे मोडले आणि नटांची ती फिरती शाळाही बंद पडली.

त्यानंतर नाटक टिकले ते हौशी मंडळांत. गणपती, शिमगा किंवा सत्यनारायणाच्या पूजेचे निमित्त, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची वर्गणी, भाड्याची ड्रेपरी (नाटकाचे पोशाख) आणि स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून मानधनावर आणलेली नटी, असा तो संसार असे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे 1980 मधले मालवणी नाटक अशाच गावकरी प्रयोगाच्या फजितीवर उभे आहे. नट मच्छिंद्र कांबळी यांनी ते घरोघर पोहोचवले. त्यातली थट्टा अस्सल आहे, पण गायकीच्या बाबतीत हौशी मंडळे नेहमीच हास्यास्पद होती असा समज करून घेणे अन्यायाचे ठरेल. भजनी बाऱ्यांनी, म्हणजे गावोगावच्या भजनांच्या सामन्यांनी, तयार केलेले गळे त्यांच्याकडे होते.

नव्या पिढीसाठी खरा बदल झाला तो साठच्या दशकात. वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला 1964 मध्ये जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले आणि पदे आटोपशीर, प्रसंगाला चिकटलेली झाली. ‘शाकुंतल’च्या सुमारे दोनशे पदांशी तुलना केली की शिकणाऱ्याचा भार किती हलका झाला हे कळते. पुढे रत्नागिरीत ‘खल्वायन’, कणकवलीत तबलावादक वसंतराव आचरेकरांच्या नावाचे प्रतिष्ठान आणि कुडाळात बाबा वर्दम थिएटर्स अशा संस्थांमुळे नाटक-संगीताला जिल्ह्याच्या गावी कायमचा आधार मिळाला, तर राज्य नाट्य स्पर्धेच्या स्वतंत्र संगीत विभागाने तालमींना मुदत घालून दिली.

आजच्या मंडळांत स्त्रीभूमिका मुलीच करतात, त्यामुळे आवाज फुटण्याची जुनी चिंता उरलेली नाही. अडते ते साथीपाशी : गाणाऱ्या मुलांपेक्षा, नटाचा श्वास ओळखून सूर धरणारा ऑर्गनवादक मिळवणे अवघड असते, आणि प्रयोगाची तारीख बहुतेक वेळा त्याच्या सवडीवर ठरते.