गेटवरच्या चलनापासून ताळेबंदापर्यंत: ‘ईआरपी’ची पार्श्वभूमी

एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्याच्या गेटवर मालाचा टेम्पो आला, की संगणक नसलेल्या काळात त्या मालाची नोंद कुठे कुठे व्हायची ते मोजून पाहावं. सिक्युरिटीचं गेट रजिस्टर, स्टोअरचं इनवर्ड रजिस्टर, कार्बन घालून केलेलं चार प्रतींचं जीआरएन (माल मिळाल्याची पावती), रॅकला टांगलेलं बिन कार्ड (त्या रॅकवरच्या मालाची आवक-जावक), स्टोअर ऑफिसातलं कार्डेक्स (सगळ्या साठ्याच्या कार्डांचा संच), परचेसकडचं बाकी ऑर्डरींचं रजिस्टर, अकाउंट्समधली खरेदीची नोंद आणि शेवटी पुरवठादाराचं खातं. माल एकच, चलनही एकच, पण लिहिलं आठ ठिकाणी. त्यातल्या एकाने 480 ऐवजी 840 लिहिलं, की वर्षअखेरीस स्टॉक जुळवताना सगळ्यांची झोप उडायची.

बीबीए-एमबीएच्या वर्गात टीपीएस, एमआयएस, डीएसएस आणि ईआरपी (सगळ्या विभागांचा कारभार एकाच नोंदीवर चालवणारी प्रणाली) ही कंपन्यांतल्या संगणक-प्रणालींची नावं व्याख्यांसकट पाठ होतात. ती कोणत्या अडचणीतून जन्माला आली हे मात्र राहून जातं. खरं तर हा सगळा प्रवास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: घडलेली गोष्ट किती वेळा लिहायची, आणि पहिल्यांदा कोणी लिहायची?

वही आणि कार्ड

आपल्याकडे रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी) आणि तेरीज (खात्यांच्या बाकींची जुळणी) ही साखळी पूर्वापार चालत आली. युरोपात द्विनोंदी पद्धत लुका पाचोलीने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात सविस्तर मांडली. व्यापारी ती त्याआधीपासून वापरत होतेच. प्रत्येक व्यवहाराला जमा आणि नावे अशा दोन बाजू असल्याने वही स्वतःलाच तपासते, हे तिचं बळ. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आला असं नाही. मुळात न केलेली नोंद किंवा दोन्ही बाजूंनी सारख्याच चुकीच्या रकमेने केलेली नोंद तेरजेत दिसत नाही. ही मर्यादा वहीबरोबर संपली नाही, ती आजच्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच आहे.

पुन्हा पुन्हा लिहिण्याला पहिला खरा छेद दिला पंच कार्डाने. हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेसाठी भोकं पाडलेली कार्डं आणि ती मोजणारी यंत्रं वापरली. कार्ड एकदाच पंच करायचं. मग तोच गठ्ठा आज गिऱ्हाइकाप्रमाणे, उद्या मालाप्रमाणे, परवा विक्रेत्याप्रमाणे लावायचा. लेखणी पुन्हा हातात घ्यायची गरज नाही. हॉलरिथची कंपनी 1911 साली इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या कंपनीला 1924 साली आयबीएम हे नाव मिळालं.

चहाच्या दुकानांचा संगणक

व्यवसायाच्या नेहमीच्या कामाला संगणक प्रथम जुंपला तो एका चहा-केकवाल्या कंपनीने, हे आजही अनेकांना नवल वाटतं. लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीची शहरभर चहाची दुकानं होती आणि मोठ्या बेकऱ्या होत्या. एकेका व्यवहारात नफा पेनींचा, पण व्यवहार मात्र अगणित. त्यामुळे हिशेबनिसांचा खर्च जड जायचा. 1947 साली कंपनीची दोन माणसं, ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड आणि रेमंड थॉम्पसन, अमेरिकेत कार्यालयीन पद्धती पाहायला गेली आणि इलेक्ट्रॉनिक संगणकाची कल्पना घेऊन परतली. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक बांधला जात होता. लायन्सने त्याला पैसे आणि एक तंत्रज्ञ दिला, आणि त्याच धर्तीवर स्वतःचा लिओ बांधला.

नोव्हेंबर 1951 मध्ये लिओवर बेकरीतून निघालेल्या मालाच्या मूल्यांकनाचं साप्ताहिक काम सुरू झालं. पुढे पगारपत्रकं आली. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला सुमारे 8 मिनिटं लागत. लिओ तो दीड सेकंदात काढे. पण शिकण्यासारखं काम तिसरं, चहाच्या दुकानांच्या मागणीचं. प्रत्येक दुकानाची वारानुसार नेहमीची ऑर्डर संगणकाकडे ठरलेली असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेने रोज फोनवर फक्त फरक सांगायचा: आज अमुक पाव कमी, तमुक केक जास्त. फोन ऐकणारी मुलगी ऐकता ऐकताच कार्ड पंच करी. त्यावरून कोणत्या दुकानाला काय पॅक करायचं ते निघे, आणि त्याच आकड्यांतून हिशेबही निघे.

लायन्सचा डेव्हिड केमिनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इथे दोन गोष्टी साधल्या. नेहमीचं ते पुन्हा लिहायचं नाही, अपवाद तेवढा कळवायचा. आणि नोंद जिथे घटना घडते त्याच्या जास्तीत जास्त जवळ करायची. यंत्र येण्याआधी लायन्सने स्वतःच्या कामाची पद्धत वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतली होती, हे यशाचं मोठं कारण. यंत्र आणून मग पद्धत शोधणाऱ्या कंपन्यांना ते साधत नाही.

दहा सुटे भाग आणि 35 टक्के

कारखान्यांचा प्रश्न वेगळा होता. 1913 साली फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र दिलं. त्यानंतर अनेक दशकं स्टोअरचा रिवाज हाच: साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की ऑर्डर द्यायची. एकेका वस्तूसाठी हे ठीक वाटतं. पण एका यंत्राला दहा भाग लागतात आणि प्रत्येक भाग हवा तेव्हा हाताशी असण्याची शक्यता 90 टक्के आहे असं धरा. दहाही भाग एकाच वेळी असण्याची शक्यता 0.9 चा दहावा घात, म्हणजे जेमतेम 35 टक्के. प्रत्येक भाग 99 टक्के वेळा हजर असला तरी ती 90 टक्क्यांवरच थांबते. स्टोअर भरलेलं, पैसा अडकलेला आणि तरी लाइन बंद, हे चित्र कोणाच्या आळसामुळे नव्हतं, ते गणितातच होतं.

उत्पादन-नियोजनाचा तज्ज्ञ जोसेफ ऑर्लिकी याने 1960 च्या दशकात यावर नेमकं बोट ठेवलं. सायकलींना किती मागणी येईल याचा अंदाज करावा लागतो. चाकांचा अंदाज कशाला, ती मोजता येतात. या हिशेबाला एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग; पाकिटावरची कमाल किंमत नव्हे) म्हणतात आणि त्याला तीन गोष्टी लागतात: उत्पादनाचं वेळापत्रक, बीओएम म्हणजे एका नगाला काय काय लागतं याची पायरीवार यादी, आणि हातातला व येणारा साठा.

उदाहरण घेऊ. आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला 100 पंप हवेत. जुळणीला एक आठवडा, म्हणजे भाग सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला हवेत. पंपाला केसिंग एक, म्हणून गरज 100. स्टोअरमध्ये 30, वाटेवर 20, निव्वळ गरज 50. फाउंड्रीला तीन आठवडे लागतात, म्हणजे ऑर्डर चौथ्या आठवड्यात गेली पाहिजे. एका केसिंगला 8 बोल्ट, एकूण 800. हातात 1,000 आहेत, मागवायचे नाहीत. आता गिऱ्हाईक म्हणालं, पंप सहाव्या आठवड्यात द्या. केसिंगची ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात जायला हवी होती आणि आज तिसरा चालू आहे, हे प्रणाली तिथल्या तिथे सांगते.

एका पंपाचं हे गणित कागदावर होतं. पण शेकडो उत्पादनं, हजारो भाग आणि दर आठवड्याला बदलणारं वेळापत्रक असेल तर हाताने केलेलं गणित पूर्ण होईपर्यंत शिळं होतं. म्हणूनच ही पद्धत संगणकाची वाट पाहत थांबली होती. तेव्हाच्या संगणकांत नोंदी चुंबकीय टेपवर असत आणि एका भागाची नोंद शोधायला टेप सुरुवातीपासून फिरवावी लागे. 1956 साली आलेल्या आयबीएम 305 रॅमॅकने फिरत्या तबकड्यांवर हवी ती नोंद थेट गाठता येईल अशी सोय केली. तिची साठवण 50 लाख अक्षरांची, आजच्या मोबाइलमधल्या दोनचार फोटोंइतकी.

एमआरपी अनेक ठिकाणी फसली, आणि कारण बहुधा सूत्रात नव्हतं. तिच्या प्रसारात पुढे असलेल्या ऑलिव्हर वाइटच्या परंपरेत एक दंडक रूढ झाला: साठ्याची नोंद किमान 95 टक्के आणि बीओएम किमान 98 टक्के अचूक असल्याशिवाय एमआरपी चालवू नये. इथे अचूकता रुपयांत मोजायची नाही. वर्षअखेरीच्या एकूण रकमेत कमी आणि जास्त एकमेकांना खाऊन टाकतात. रॅकवर 40 कमी असलेला बोल्ट दुसऱ्या रॅकवर 40 जास्त असलेल्या वॉशरने भरून निघत नाही. म्हणून रोज थोडे भाग मोजायचे, महागडे आणि वेगाने फिरणारे जास्त वेळा, आणि फरक सापडला की आकडा दुरुस्त करण्याआधी कारण शोधायचं.

एक नोंद, सगळे विभाग

1972 साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी स्थापन केली. त्यांचं पहिलं काम आयसीआय कंपनीच्या ऑस्ट्रिंगेन इथल्या कारखान्यासाठी होतं. रात्री गठ्ठ्याने कार्डं चालवण्याऐवजी पडद्यावर नोंद होताच हिशेब बदलला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या उत्पादनांच्या नावातला ‘आर’ हा त्याच ‘रिअल टाइम’चा. 1970 साली एडगर कॉडने मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसच्या, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत माहिती ठेवण्याच्या, कल्पनेने पुढे अशा प्रणालींना भक्कम पाया दिला. 1990 साली गार्टनर या संशोधन कंपनीने ईआरपी हा शब्द चलनात आणला आणि 1992 साली सॅपची आर/3 ही ईआरपी प्रणाली आली.

त्याने नेमकं काय बदललं ते टेम्पोतल्या मालावरच पाहू. ऑर्डर 500 नगांची, दर 40 रुपये. स्टोअरने जीआरएन केलं की त्याच क्षणी साठा 500 ने वाढतो, साठ्याच्या खात्यात 20,000 रुपये नावे पडतात आणि ‘जीआर-आयआर’ (माल आला, बिल यायचं आहे) या मधल्या खात्यात तेवढेच जमा. परचेसची बाकी ऑर्डर आपोआप मिटते. बिल आलं की मधलं खातं नावे आणि पुरवठादार जमा. बिल 42 रुपये दराने, करापूर्वीच्या 21,000 चं आलं, तर ऑर्डर, जीआरएन आणि बिल जुळत नाहीत आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडचा 1,000 चा फरक पेमेंट रोखून धरतो. कार्डेक्स भरणारा, रजिस्टर ओढणारा, खतावणी करणारा, कोणीच उरला नाही. महिनाअखेरीस जीआर-आयआरची शिल्लक उघडून पाहिली, की कोणता माल बिलाविना आला आणि कोणतं बिल मालाविना, हे समोर येतं. नव्याने शिकणाऱ्याने पहिल्यांदा हे खातं वाचायला शिकावं.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी एकाची चूक त्याच्याच वहीत अडकून राहायची. आता ती सेकंदात ताळेबंदापर्यंत जाते. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीने जुलै 1999 मध्ये, हॅलोवीनच्या विक्रीच्या तोंडावर, नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या. सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत.

आपल्याकडे

भारतात 1960 च्या दशकात आयबीएम 1401 जातीचे संगणक मोठ्या कंपन्यांत पगार आणि हिशेबासाठी येऊ लागले. नोकऱ्या जातील या भीतीने कामगार संघटनांनी जोरदार विरोध केला; पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याच प्रश्नावर 1972 साली अहवाल दिला. 1978 साली आयबीएमने भारतातला व्यवसाय गुंडाळला. पीसी स्वस्त झाला तेव्हा छोट्या व्यावसायिकांसाठी खरी क्रांती केली ती 1986 साली बंगळुरूत सुरू झालेल्या कंपनीच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने.

पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, नाशिक-सातपूर किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतल्या असंख्य लहान कारखान्यांत आजही हिशेब टॅलीत आणि स्टोअर एक्सेलमध्ये असतं. आठाच्या दोन नोंदी झाल्या, एक झाली नाही. ईआरपी घेतल्यावर घोळ होतो तो ठरावीक जागी. बोल्ट खरेदी होतो किलोत आणि इश्यू होतो नगात. रूपांतराचा आकडा एकदा चुकला की साठा कायमचा चुकतो. जीआरएन संध्याकाळी एकगठ्ठा केलं जातं पण माल सकाळीच लाइनवर गेलेला असतो, म्हणून साठा उणे दिसतो; मग उणे साठा चालू द्यायची सेटिंग उघडली जाते आणि नियंत्रण संपतं. तयार नगावरून बीओएमप्रमाणे कच्चा माल आपोआप वजा केला जातो, पण रिजेक्शन कोणी टाकत नाही. प्लेटिंगला (मुलामा द्यायला) बाहेर पाठवलेला माल चलनावर बाहेर असतो आणि प्रणालीत घरातच. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉब वर्कला, म्हणजे असं बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल एक वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर लागतो. तेव्हा हा नुसता स्टोअरचा प्रश्न राहत नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर नोंदीची जागा कारखान्याबाहेर सरकली. पुरवठादाराने त्याच्या विवरणात बिल दाखवलं तरच ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी या विवरणात दिसतं आणि बिलातल्या कराचं क्रेडिट मिळतं. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि टप्प्याटप्प्याने 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आलं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग ठेवणंही सक्तीचं झालं.

आज टेम्पोवाला जे बिल गेटवर देतो ते ई-इन्व्हॉइस असेल तर त्यावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन (वर्गीकरण क्रमांक) आणि 64 अक्षरांचा आयआरएन (पोर्टलवरचा बिलाचा ओळख क्रमांक) मिळतो. टायपिंगची चूक तिथेच थांबते. प्रत्येक ओळीतले नग मात्र त्या कोडमध्ये नसतात. 500 आले की 480, हे अजूनही स्टोअरवाला खोके उघडून मोजतो, आणि पुढचं सगळं तो टाकतो त्या आकड्यावर चालतं.